चाकाच्या रिमला घरीच रंग : गंज थांबवायचा तर

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे गॅरेजवाल्याचं काम, आपला काय संबंध? पण दुधाची किटली अडकवून डेअरीवर जाणारी स्कूटी आपली, शेणखताची ट्रॉली आपली, आणि रिम गंजून फुटली तर खर्चही आपल्याच घरातून जातो.

हिवरे बाजारात दूध हा घराघरातला धंदा आहे. जनावरं आली की शेण आलं, गोमूत्र आलं, खताची वाहतूक आली. लोखंडाला साध्या पाण्यापेक्षा हेच जास्त खातं. गोमूत्र, शेणखत, युरिया यांतले क्षार रंगाच्या बारीक चिरेतून आत शिरतात आणि ओल धरून ठेवतात. त्यामुळे वरून रंग ठीक दिसतो, पण खाली गंज पसरत राहतो आणि एक दिवस पापुद्रा सुटतो. ट्यूबलेस टायर असेल तर आणखी एक भानगड. टायर रिमला जिथे चिकटून बसतो ती कड गंजली की हवा हळूहळू निघून जाते. पंक्चरवाला पाण्यात बुडवून पाहतो, टायरला भोक कुठंच सापडत नाही, आणि दोन दिवसांनी चाक पुन्हा बसलेलं.

रंगाआधी रिम नीट पाहा. नटांच्या भोकांभोवती चीर गेली असेल, किंवा गंज खरवडल्यावर पत्रा खड्ड्याखड्ड्यांचा आणि पातळ लागत असेल, तर ती रिम रंगवूच नका, बदला. रंगानं चीर झाकली जाते, बुजत नाही.

चाक काढताना गाडी सपाट जागी घ्या, बाकीच्या चाकांना दगड लावा, नट जमिनीवरच थोडे सैल करा आणि मगच जॅक लावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातपाय घालायचे नाहीत. टायर पंक्चरवाल्याकडून उतरवून घेतलेला बरा. जुन्या स्कूटरची रिम दोन भागांची असते, नट-बोल्टनं जोडलेली. आत हवा असताना ते नट खोलले तर रिम उसळून जीव जाऊ शकतो. म्हणून आधी व्हॉल्व काढून सगळी हवा सोडायची. आणि टायर चढलेला असताना रिमला वेल्डिंग किंवा आग कधीही दाखवायची नाही. हवा सोडलेली असली तरीही नाही.

आता साफसफाई. रंग किती टिकणार ते इथंच ठरतं, डब्याच्या किमतीवर नाही. आधी धुण्याच्या पावडरीनं चिखल, ग्रीस काढा. रॉकेलनं पुसायची सवय असते, पण रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. शेवटचा हात थिनरच्या स्वच्छ फडक्याचाच. गंजाला तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर १८० किंवा २२० चा. घट्ट बसलेला जुना रंग सगळा उपटायची गरज नाही. त्याची चकाकी मोडा आणि जिथे रंग संपतो ती पायरी घासून उतरती करा. बोट फिरवलं तर कड लागता कामा नये.

एक गोष्ट विसरू नका. जुन्या रंगात, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल रंगात, शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी मर्यादा आणली, पण यंत्रांचे आणि गाड्यांचे जुने रंग त्याआधीचेही असतात. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला घातक. म्हणून पेपर ओला करून घासा, एन ९५ मास्क लावा (ओढणीचं टोक पुरत नाही), पोरांना लांब ठेवा, आणि गरोदर बाईनं हे काम करू नये.

ओलं घासल्यावर लोखंड उघडं पडतं आणि तासाभरात त्यावर पिवळट गंज चढायला लागतो. लगेच फडक्यानं कोरडं करा, उन्हात वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. रेड ऑक्साइड प्रायमर गेरूसारखा दिसतो, कारण दोन्हींत लोखंडाचा ऑक्साइडच असतो. झिंक फॉस्फेटचा प्रायमर मिळाला तर तो जास्त चांगला. पातळ दोन हात द्या, एक जाड हात नको.

त्याआधी कागदी टेप लावायची ती तीन ठिकाणी. नट ज्या उतारावर बसतो ती बैठक, रिम ड्रमला टेकते तो मागचा भाग, आणि टायर बसतो ती कड. पहिल्या दोन ठिकाणी जाड रंग राहिला तर चाक फिरताना तो दबतो, नट सैल होतो आणि चाक निखळू शकतं. कडेला फक्त प्रायमरचा पातळ हात पुरे.

वेळ सकाळची, दव ओसरल्यावरची. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी रिम इतकी तापते की रंग पसरण्याआधीच वाळतो आणि खरखरीत होतो. पावसाळ्यात ओल आत अडकते. जागेवर आधी सडा टाका म्हणजे धूळ बसते.

घरासाठी सिंथेटिक इनॅमल बरं. ब्रशनं दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. स्प्रेचा डबा असेल तर वीतभर लांबून, हात फिरता ठेवून. हार्डनर मिसळून मारायचा गाडीचा रंग जास्त टिकतो हे खरं, पण त्याची वाफ फुप्फुसाला वाईट आणि साध्या मास्कनं ती अडत नाही. तो गॅरेजवाल्याकडेच द्या. इनॅमलवर एनसी रंग किंवा एनसी थिनर लावू नका, खालचा थर सुरकुततो.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. आठवडाभर थांबा, मग टायर चढवा.

उरलेलं थिनर मोरीत किंवा ओढ्यात ओतायचं नाही. ज्या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात, तिथे हे सांगायला नको खरं तर. झाकण घट्ट लावून ठेवा, पुढच्या वेळी ब्रश धुवायला येतं. रंगाचे बोळे चुलीजवळ किंवा ढीग करून टाकू नका, आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

चाक बसवताना नट समोरासमोर आवळायचे. एक आवळला की त्याच्या समोरचा, ओळीनं नाही. नटांना तेल लावायचं नाही. पन्नासेक किलोमीटर गाडी चालली की पाना घेऊन सगळे नट पुन्हा एकदा तपासा, आणि खताची खेप टाकून आलात की रिमवर दोन तांबे पाणी मारा.