तुसातलं सिलिकॉन

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भात भरडायच्या गिरणीमागे तुसाचा ढीग असतोच. कुणी तो वीटभट्टीला नेतं, कुणी कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरतं. गुरांना त्यात राम वाटत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. भाताची मुळं जमिनीतल्या पाण्यातून सिलिका ओढतात, ती दाण्याच्या टरफलात साठते. तूस जाळलं की साधारण पाचवा हिस्सा राख उरते आणि ती बहुतेक सिलिकाच असते.

या तुसाचं एक पोतं पुण्यातल्या प्रयोगशाळेत गेलं, तेव्हा मीही मागोमाग गेलो. मला वाटलं होतं, थेट जाळतील. पण आधी ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळलं. तुसातलं पोटॅशियम तसंच राहिलं तर भट्टीत सिलिका वितळून कोळसा आत कोंडते आणि राख काळी निघते. आम्लात धुतलेलं तूस सहाशे-सातशे अंशांवर जाळलं की पांढरीशुभ्र भुकटी हाती येते. तिचे कण काही दशक नॅनोमीटरचे. ते कुणी घडवलेले नाहीत, भातानंच तसे रचलेले असतात. माणसाचं कसब ते न बिघडवण्यात.

पुढची पायरी त्यासाठीच नाजूक. भुकटीत मॅग्नेशियम मिसळून आरगॉन वायूत साडेसहाशे अंशांच्या आसपास तापवतात. मॅग्नेशियम सिलिकेतला ऑक्सिजन काढून घेतं, सिलिकॉन उरतं. पण या क्रियेत स्वतःचीच इतकी उष्णता सुटते की कण वितळून एकमेकांना चिकटतील. ती शोषायला चक्क मीठ घालतात! नंतर मीठ पाण्यानं आणि मॅग्नेशियम ऑक्साइड आम्लानं धुऊन काढतात.

एवढा खटाटोप कशाला? लिथियम-आयन बॅटरीच्या ॲनोडमधलं (ऋण टोकातलं) ग्रॅफाइट एका ग्रॅमला फार तर ३७२ मिलिअँपिअर-तास साठवतं, सिलिकॉन साडेतीन हजारांच्या पुढे. मात्र लिथियम शिरलं की सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होतं. मोठा कण तडकतो. साधारण दीडशे नॅनोमीटरच्या आतला टिकतो.

सिलिकॉनच्या तपकिरी भुकटीत काजळी आणि सीएमसी हे बंधकद्रव्य (आइस्क्रीम घट्ट करणारंच ते) पाण्यात कालवून काळी खळ केली, तांब्याच्या पत्र्यावर पात्यानं पातळ ओढली, निर्वातात वाळवली. चकत्या कापून ग्लोव्हबॉक्समध्ये लिथियमसमोर बसवल्या, मध्ये सेपरेटर, वर इलेक्ट्रोलाइटचे थेंब. वीस मिलिमीटर व्यासाची डबी दाबून बंद झाली.

ही डबी चार्ज-डिस्चार्ज करायला लावली की पडद्यावरच्या आलेखात पहिलीच फेरी खरं सांगते. आत गेलेलं सगळं लिथियम परत येत नाही. त्यातलं काही, कणांवर बनणाऱ्या थरात कायमचं अडकतं. कण फुगला की तो थर फाटतो, नवा बनतो, आणखी लिथियम खातो. घोडं इथंच अडलंय.

तुसापासून असा ॲनोड करून दाखवला तो २०१३ साली, कोरियाच्या काइस्ट संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटांनी. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटानं वाळक्या पानांपासून सुपरकपॅसिटरसाठी कार्बन बनवला होता. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही.

तूस गिरण्यागिरण्यांत विखुरलेलं, त्यामुळे त्यावर कारखाना इथं लगेच उभा राहील असं मला वाटत नाही. पण घोडेगाव, मंचर, जुन्नरच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पांढऱ्या राखेपर्यंतचं काम जरूर करून पाहावं. मफल भट्टी आणि आम्ल हाताळणारे शिक्षक एवढं पुरेसं आहे. मॅग्नेशियमचा टप्पा मात्र मोठ्या प्रयोगशाळेवर सोडा.