नाव नसलेल्या दुखण्याचे औषध

गेल्या वर्षी श्रावणात मला मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. वर्गात तासभर बोललो की घसा कोरडा पडे, त्याचे खापर मी खडूच्या धुळीवर फोडीत होतो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. आईने जांभळाच्या बिया वाळवून पूड केली. म्हणाली, "अरे, तुझ्या आजोबांनी जन्मभर हीच घेतली." आजोबांना मधुमेह होता की नाही, हे मात्र तिला सांगता येईना!

मी शहाण्याने काय करावे? गोळ्या गुपचूप बंद केल्या आणि पूड चालू ठेवली. तीन महिन्यांनी साखर इतकी चढलेली निघाली की घरात दोन दिवस अबोला होता. त्या अबोल्यात वाचनालयात जाऊन बसलो, आणि तिथे मला कॅनडातल्या क्री लोकांची हकीकत सापडली.

क्वेबेक प्रांताच्या उत्तरेला जेम्स उपसागराच्या पूर्वेस या आदिवासींची गावे आहेत. शिकार, मासे आणि रानफळे यांवर त्यांच्या पिढ्या जगल्या. १९७१ नंतर तिथे प्रचंड धरणे झाली. रान पाण्याखाली गेले, जलाशयांतल्या माशांत पारा वाढला. रस्ते आले, दुकानातले खाणे आले, पायपीट कमी झाली. पूर्वी जे दुखणे क्वचितच दिसे, ते घरोघर शिरले.

मॉन्ट्रियल विद्यापीठातले पिएर हद्दाद आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ च्या सुमारास या लोकांच्या वनौषधींचा अभ्यास हाती घेतला. अडचण पहिल्याच पावलाला होती. आजारच नवा, मग 'मधुमेहावर तुमचे औषध कोणते?' असे विचारायचे तरी कसे? तेव्हा त्यांनी दुखण्याचे नाव सोडून दिले. सारखी तहान लागते, पायाची जखम भरत नाही, नजर अंधूक होते, यावर काय देता, असे एकेक लक्षण धरून वृद्धांना विचारले. भाषा शिकवणाऱ्या माणसाला ही युक्ती आवडली नाही तरच नवल. शब्द नाही म्हणून दुखणे नाही, असे थोडेच असते?

वृद्धांनी झाडे सांगितली. लार्चची साल, पानाखाली तांबूस लव असलेले, चहासारखे उकळून घ्यायचे लॅब्राडोर टी नावाचे झुडूप, दलदलीत उगवणारी, किडे गिळणारी घटपर्णी. त्यांचे अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूंच्या पेशींवर घालून पाहिले, तेव्हा काहींमुळे पेशी अधिक साखर शोषू लागल्या. चरबीयुक्त आहारावर लठ्ठ केलेल्या उंदरांतही लॅब्राडोर टीचा गुण दिसला. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय यांतले काही अर्क यकृतातल्या, औषधे पचवणाऱ्या विकरांना अडवतात असेही आढळले. म्हणजे काढा आणि गोळी एकत्र घेतल्यास गोळीचा परिणाम बदलू शकतो. हे वाचताना मला माझी पूड आठवली, हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. हे ज्ञान क्री लोकांचे, ते त्यांच्या संमतीवाचून वापरायचे नाही, अशा अर्थाचा करार संशोधकांनी त्यांच्याशी केला. आपल्या हळदीची गोष्ट आठवा. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत देण्यात आले, आणि ते रद्द करून घ्यायला आपल्याला १९९७ पर्यंत भांडावे लागले!

पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे सारे कबूल केले. ते रागावले नाहीत, उलट म्हणाले, "तुमच्या मेटफॉर्मिनचे मूळही झाडातच आहे." युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती जुन्या काळापासून औषधात होती. तिच्यातल्या द्रव्याच्या जातीचे ग्वानिडीन साखर उतरवते, पण विषारी ठरते, असे १९१८ मध्ये प्राण्यांवर दिसले. त्याच कुळातले सौम्य औषध पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी रोग्यांना देऊन १९५७ मध्ये निष्कर्ष छापले.

घरी येऊन आईला हे सांगितले. तिने गोळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "म्हणजे झाडपाल्याचीच की! मग ते झाडच का नाही आणत?"

"ते खाऊन मेंढ्या मरतात, आई."

ती जरा वेळ गप्प बसली. आता जेवायला बसलो की स्वयंपाकघरातून हाक येते, "गोळी घेतलीस का रे?" पुडीची बरणी अजून फडताळात आहे. डॉक्टरांच्या वहीत तिचीही नोंद आहे.