वाद घालणारा वाचक

स्वयंविकासाचं पुस्तक हातात घेतलं की पहिल्या पाच-दहा पानांतच एक विलक्षण गोष्ट घडते. वाटतं, अरे, हे तर माझ्याबद्दलच लिहिलंय! वरून आपण शांत दिसतो आणि आतून धास्तावलेले असतो, हे यांना कसं कळलं? आपल्यातले गुण अजून पुरते वापरलेच गेले नाहीत, हे यांना कुणी सांगितलं? सातासमुद्रापलीकडे बसलेल्या, आपलं तोंडही न पाहिलेल्या माणसानं आपलं मन वाचलं तरी कसं?

बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली हे कोडं आपल्या वर्गातच उलगडून दाखवलं. त्यानं ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. आठवड्याभरानं प्रत्येकाला त्याच्या नावानिशी स्वभाववर्णन दिलं आणि विचारलं, हे कितपत जुळतंय? शून्य ते पाच गुण द्या. सरासरी निघाली ४.२६! मग त्यानं गुपित फोडलं. सगळ्यांना शब्दन् शब्द एकच वर्णन मिळालं होतं आणि त्यातली वाक्यं होती रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातली.

ते वर्णन म्हणजे शाल होती. सदऱ्याला माप लागतं, शाल कुणाच्याही खांद्यावर बसते. पण गंमत अशी की खरा चमत्कार शालीत नाहीच, तो खांद्यात आहे. ‘कधी कधी तुम्हाला स्वतःच्या निर्णयाबद्दल शंका येते’ एवढं मोघम वाक्य वाचायचा अवकाश, आपलं मन क्षणात आयुष्यातला नेमका तो दिवस, तो निर्णय, ती शंका शोधून आणतं आणि रिकाम्या जागेत बसवून टाकतं. अर्धं पुस्तक आपणच लिहीत असतो आणि श्रेय मात्र लेखकाला देऊन मोकळे होतो!

हे लक्षात ठेवून आता त्या जुन्या आक्षेपाकडे बघा. अशी पुस्तकं आपल्याऐवजी विचार करतात, आयती उत्तरं देतात, माणसाला परावलंबी करतात, असं म्हणतात. आक्षेप हलका नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पुस्तक बोलतं आणि वाचक मुकाट्यानं ऐकतो. खरंच ऐकतो का?

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनेक पुस्तकं सांगतात ना, की स्वतःबद्दल चांगलं वाक्य रोज मनाशी म्हणा? त्यांनी नेमकं तेच करायला लावलं. चार मिनिटं मनात येईल ते लिहायचं आणि दर पंधरा सेकंदांनी घंटी वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं मनात म्हणायचं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. आणि ज्यांचा स्वतःवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सल्ला लिहिलेला असतो, त्यांचं काय झालं? त्यांना वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटू लागलं!

असं का व्हावं? संशोधकांचं स्पष्टीकरण विलक्षण आहे. आपल्या समजुतीपासून फार लांबचं वाक्य समोर आलं की मन ते गिळत नाही, उलट तपासणी सुरू करतं. ‘प्रेम करण्याजोगी? मग परवा ती तशी का बोलली? आणि गेल्या वर्षी काय झालं?’ घंटी वाजेल तसा पुरावा उभा राहत जातो. खचलेल्या माणसाच्या डोक्यातसुद्धा एक वकील जागा असतो, या नुसत्या कल्पनेनंच मी थक्क होतो. ज्या स्वतंत्र विचाराचा अशी पुस्तकं घात करतात असं आपण म्हणतो, तोच इथे पुस्तकाला पाडून दाखवतो.

मग या वकिलाला गप्प करण्याऐवजी कामाला लावलं तर?

डेव्हिड बर्न्स या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाचं ‘फीलिंग गुड’ हे पुस्तक १९८० साली आलं. त्यातली मुख्य युक्ती इतकी साधी आहे की ती चालते यावर विश्वास बसत नाही. कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात मनात आपसूक आलेला विचार जसाच्या तसा उतरवायचा: ‘माझ्या हातून काहीच धड होत नाही.’ दुसऱ्यात त्यातली तर्काची चूक शोधायची: एका प्रसंगावरून सगळ्या आयुष्याचा निकाल लावला का? दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आपणच ठरवून टाकलं का? आणि तिसऱ्या रकान्यात उत्तर लिहायचं, पण गोड नव्हे, खरं. स्वतःला पटेल असं. पटलं नाही तर खोडा आणि पुन्हा लिहा. म्हणजे तोच वकील, तीच उलट तपासणी. फक्त आता आरोपीच्या पिंजऱ्यात निराशा उभी आहे.

याचा उपयोग होतो का? फॉरेस्ट स्कॉगिन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नैराश्य असलेल्या वयस्कर माणसांना हे पुस्तक देऊन पाहिलं. समोर डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. पुस्तक आणि चार आठवडे. पण फरक पडला तर तो या पुस्तकामुळे, की कुणीतरी आपली दखल घेऊन हातात काहीतरी वाचायला दिलं म्हणून? हे तपासायला दुसऱ्या गटाला वेगळं पुस्तक दिलं. आणि ते कोणतं निवडलं असेल? व्हिक्टर फ्रँकलचं! नाझी छळछावण्यांतून जिवंत बाहेर आलेल्या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाचं, जगभर पूजलं गेलेलं पुस्तक. औषधाशी तुलना करायला देतात त्या साखरेच्या गोळीची भूमिका त्याला मिळाली. तरीही नैराश्य लक्षणीय उतरलं ते रकाने आखणाऱ्या गटाचं.

फ्रँकलचं पुस्तक लहान ठरलं, असा याचा अर्थ मी लावत नाही. ते माणसाला हलवून सोडतं. पण हलून जाणं वेगळं आणि मंगळवारी दुपारी मनात आलेल्या एका विषारी वाक्याची चिरफाड करणं वेगळं. (नैराश्य तीव्र असेल तर मात्र पुस्तकावर विसंबू नये, डॉक्टरांकडेच जावं.) मला थरारून टाकणारी बाब ही, की इथे वाचक लेखकाचं ऐकून बरा होत नाही. तो स्वतःच्या मनाचंही ऐकायचं नाकारायला शिकतो. इतरांच्या मतांवर शंका घेणं सोपं असतं. पहाटे तीन वाजता स्वतःच्याच डोक्यातून आलेल्या मतावर शंका घेणं याहून स्वतंत्र विचार आणखी कुठला?

आणि आता स्वयंविकासाच्या पुस्तकांचं मूळ बघायला १८४० च्या दशकात, इंग्लंडमधल्या लीड्स या गिरण्यांच्या शहरात चला. तिथे दोन-तीन गरीब तरुणांनी ठरवलं की हिवाळ्यातल्या संध्याकाळी एकत्र बसून शिकायचं. शिक्षक नव्हता. ज्याला थोडं येत होतं तो त्याहून कमी येणाऱ्याला शिकवी. मुलं वाढली, खोली पुरेना, म्हणून उन्हाळ्यात ती बागेतल्या एका लाकडी खोपटाभोवती उघड्यावर बसू लागली. मध्येच पावसाची सर यायची आणि पाटीवरची गणितं धुऊन न्यायची! पुन्हा थंडी आली तेव्हा त्यांनी एक कळकट खोली भाड्यानं घेतली. कधीकाळी तिथे कॉलऱ्याचं तात्पुरतं रुग्णालय होतं. लागण होईल या भीतीनं तिच्याकडे कुणी फिरकत नसे, म्हणून ती स्वस्तात मिळाली. वाचन आणि अंकगणितापासून सुरू झालेली ही मंडळी गणित, रसायनशास्त्र आणि परकीय भाषांपर्यंत गेली.

शंभराच्या आसपास पोरं जमल्यावर त्यांनी सॅम्युअल स्माइल्स या डॉक्टरकी शिकलेल्या स्कॉटिश पत्रकाराला चार शब्द बोलायला बोलावलं. त्या व्याख्यानांतून पुढे १८५९ साली पुस्तक झालं आणि त्याचं नाव होतं ‘सेल्फ-हेल्प’. त्याच वर्षी, त्याच जॉन मरे यांच्या प्रकाशनगृहातून डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ निघाला! पहिल्याच वर्षात स्माइल्सच्या पुस्तकाच्या २० हजार प्रती खपल्या. म्हणजे क्रम बघा: आधी स्वतःच्या हिमतीवर शिकणारी माणसं, मग पुस्तक. त्यात यशाची सूत्रं फार थोडी आणि माणसं ढीगभर आहेत. त्यातला बर्नार्ड पालिसी हा फ्रेंच कुंभार पांढऱ्या झिलईच्या शोधात वर्षानुवर्षं भट्टी पेटवत राहतो आणि सरपण संपल्यावर घरातलं सामानसुमान आगीत घालतो.

१८७१ साली नाकामुरा मासानाओनं केलेला जपानी अनुवाद आला. शतकानुशतकं बंद असलेली दारं नुकतीच उघडलेल्या त्या देशानं तो डोक्यावर घेतला. एका सुताराचा मुलगा, साकिची टोयोडा, त्या पुस्तकानं भारला गेला. पुढे त्यानं नवनवे माग शोधून काढले आणि त्याच घराण्यातून मोटारींची टोयोटा कंपनी उभी राहिली. स्माइल्सनं मागाबद्दल टोयोडाला आयतं उत्तर दिलं नव्हतं. तो माग त्यानं स्वतःच खटपट करून घडवला.

तरीही एक शंका मला सोडत नाही. चांगल्या हेतूनं लिहिलेली सूचना वाचकाच्या हाती पडल्यावर काय करेल, हे लिहिणाऱ्यालाही आधी कळत नाही. जेराल्ड रोझेन या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात सापांची भीती घालवण्याचा घरच्या घरी करायचा कार्यक्रम छापून दिला. निम्म्या लोकांनी तो पाळला आणि त्यांची भीती बरीच कमी झाली. मग त्यानं आणि सहकाऱ्यानं त्यात सुधारणा केली: स्वतःशी करार करा, टप्पा पार पडला की स्वतःला बक्षीस द्या. किती शहाणी सूचना! पण आता कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांची संख्या शून्यावर आली. एकानंही तो पाळला नाही. तपासून पाहिलं नसतं तर ही ‘सुधारित आवृत्ती’ खुशाल विकली गेली असती. आणि बाजारातल्या बहुतेक पुस्तकांची अशी तपासणी कधीच होत नाही. किती प्रती खपल्या ते मुखपृष्ठावर असतं, किती जणांना उपयोग झाला ते नसतं.

वेल्समधल्या कार्डिफमध्ये नील फ्रूड या मानसशास्त्रज्ञानं २००३ साली यावर एक सुरेख तोड काढली. तज्ज्ञांनी आधी उपयुक्त पुस्तकांची यादी करायची, डॉक्टरांनी चिठ्ठीवर त्यातल्या पुस्तकाचं नाव लिहायचं आणि रुग्णानं ती चिठ्ठी दाखवून सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक घ्यायचं! २००५ पासून ही योजना साऱ्या वेल्समध्ये गेली आणि २०१३ साली इंग्लंडनंही तशीच सुरू केली. महाराष्ट्रात गावोगावी सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, मराठीत अशा पुस्तकांचे अनुवाद धो धो येताहेत. त्यांतली रकाने भरायला लावणारी, पारखून घेतलेली पुस्तकं एका वेगळ्या फळीवर लागावीत, असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीला वीस शीर्षकं पुरतील.