पहिल्या कादंबरीची घडण : चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'चे लेखन, संपादन आणि प्रकाशन

प्रस्तावना

साहित्यकृतीच्या अभ्यासकासमोर येते ते छापील पुस्तक. त्यामागील कच्चे खर्डे, वगळलेला मजकूर, टंकलेखनातील अडचणी आणि प्रकाशकांचे नकार यांची चर्चा अध्यापनात क्वचितच होते. पहिल्या कादंबरीच्या संदर्भात ही उणीव अधिक जाणवते. नवोदित कादंबरीकाराजवळ नावलौकिक नसतो, प्रकाशनव्यवहाराचा अनुभव नसतो आणि आपल्या लेखनाचे मोल ठरविण्याचे खात्रीचे साधनही नसते. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे (१९३०-२०१३) यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही पहिली कादंबरी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे तिची पन्नासहून अधिक भाषांत भाषांतरे झाली आणि आपल्याकडील इंग्रजी साहित्याच्या वर्गांतही ती शिकवली जाऊ लागली. प्रस्तुत लेखात या कादंबरीच्या घडणीचे टप्पे पाहिले आहेत. लेखकाची स्वतःची काटछाट आणि मोक्याच्या क्षणी मध्ये पडलेली मोजकी माणसे यांमुळे हे लेखन पुस्तकरूपास आले, हे त्यातून स्पष्ट होते.

लेखनामागील प्रेरणा

अचेबे यांचा जन्म पूर्व नायजेरियातील ओगिडी या इग्बो गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मप्रचारक होते. परंतु गावात जुने विधी, उत्सव आणि म्हणी जिवंत होत्या. १९४८ मध्ये अचेबे इबादान येथील विद्यापीठ महाविद्यालयात वैद्यकशास्त्रासाठी दाखल झाले; मात्र लवकरच ते इंग्रजी, इतिहास व धर्मशास्त्र या विषयांकडे वळले. तेथे त्यांच्या वाचनात जॉइस केरी या ब्रिटिश लेखकाची 'मिस्टर जॉन्सन' (१९३९) ही कादंबरी आली. नायजेरियाचे उत्तम चित्रण म्हणून तिची वाखाणणी होत होती. अचेबे व त्यांच्या सहाध्यायांना मात्र तिच्यातील आफ्रिकी माणूस ओळखीचा वाटला नाही. आपली गोष्ट दुसऱ्याने, त्याच्या समजुतीप्रमाणे सांगितली असता काय होते, याचा हा प्रत्यय होता. पुढे लागोस येथे नभोवाणीत नोकरी करीत असताना त्यांनी आपल्या कादंबरीचे लेखन केले.

संपादन : वगळण्याचा निर्णय

१९५६ मध्ये अचेबे बीबीसीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तेथे एका मित्राच्या आग्रहावरून त्यांनी हस्तलिखित कादंबरीकार व बीबीसीतील प्रशिक्षक गिल्बर्ट फेल्प्स यांना दाखविले. फेल्प्स प्रभावित झाले आणि ते आपल्या प्रकाशकाकडे नेण्याची तयारी त्यांनी दर्शविली. कोणत्याही नवोदिताला हुरळून टाकणारा हा प्रसंग होता. तथापि, हस्तलिखितावर अद्याप काम व्हावयाचे आहे, असे सांगून अचेबे यांनी ते परत नेले.

मूळ आराखड्यात एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांची कथा होती. तीन भिन्न काळ एका पुस्तकात कोंबले असता कोणत्याच काळाला पुरेसा अवकाश मिळत नाही, ही या रचनेची मर्यादा होती. मायदेशी परतल्यावर अचेबे यांनी दुसरा व तिसरा भाग काढून टाकला. केवळ पहिल्या पिढीची, म्हणजे ओकोंक्वो या शेतकऱ्याची कथा ठेवली. तिच्यात नवीन मजकूर घातला व प्रकरणांची फेररचना केली.

या निर्णयाचा परिणाम प्रकाशित कादंबरीच्या बांधणीत दिसतो. पंचवीस प्रकरणांपैकी पहिली तेरा प्रकरणे इग्बो समाजाच्या अंतर्गत जीवनासाठी खर्ची पडली आहेत : शेती, विवाह, न्यायनिवाडा, देवदेवता आणि त्या समाजातील क्रौर्यही. मिशनरी व वसाहतीचे सरकार पुढे अवतरते, तेव्हा काय मोडत आहे हे वाचकाला नेमके कळलेले असते. तीन पिढ्यांची घाई असती तर हा विस्तार शक्य झाला नसता. वगळलेली कल्पनाही वाया गेली नाही. ओकोंक्वोच्या नातवाची कथा १९६० मध्ये 'नो लाँगर ॲट ईझ' या स्वतंत्र कादंबरीच्या रूपाने आली.

हस्तलिखिताचा प्रवास

सुधारित हस्तलिखित नीटनेटके टंकलिखित असावे, या विचाराने अचेबे यांनी १९५७ मध्ये जाहिरात वाचून लंडनमधील एका टंकलेखन संस्थेकडे ते टपालाने पाठविले. हाताने लिहिलेली ती एकमेव प्रत होती. महिने लोटले तरी उत्तर येईना. अखेर नभोवाणीतील त्यांच्या वरिष्ठ अँजेला बीटी रजेवर लंडनला गेल्या असता त्यांनी स्वतः त्या संस्थेत जाऊन जाब विचारला. त्यानंतरच टंकलिखित प्रत, तीही एकच, लेखकाच्या हाती आली. हस्तलिखित गहाळ झाले असते तर आपण बहुधा लेखनच सोडून दिले असते, असे अचेबे यांनी पुढे सांगितले आहे. वर्षानुवर्षांचे श्रम एका निष्काळजी कार्यालयाच्या कोपऱ्यात धूळ खात पडू शकतात, इतकी पहिल्या कादंबरीची स्थिती नाजूक असते.

प्रकाशन : विश्वासाचा प्रश्न

आफ्रिकी लेखकाच्या कादंबरीला बाजारपेठ नाही, अशा समजुतीने काही प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारले. हाइनमान या संस्थेतही प्रारंभी साशंकता होती. संस्थेचे शैक्षणिक सल्लागार डोनाल्ड मॅक्रे यांनी अत्यंत त्रोटक, परंतु निःसंदिग्ध शब्दांत शिफारस केली आणि निर्णय झाला. १७ जून १९५८ रोजी २००० प्रतींची आवृत्ती निघाली. हाइनमानचे ॲलन हिल यांच्या म्हणण्याप्रमाणे, संहितेतील एका शब्दालाही संस्थेने हात लावला नाही. इंग्रजी वाक्यांत गुंफलेले इग्बो शब्द व म्हणी लेखकाने योजल्याप्रमाणेच छापल्या गेल्या. कठोर संपादन लेखकाने आधीच केले होते. प्रकाशकाच्या वाट्यास विश्वास ठेवणे एवढेच उरले होते.

या विश्वासाची परतफेडही झाली. १९६२ मध्ये हाइनमानने 'आफ्रिकन रायटर्स सिरीज' ही स्वस्त आवृत्त्यांची माला सुरू केली आणि अचेबे तिचे संपादकीय सल्लागार झाले. त्याच वर्षी कंपाला येथील मकेरेरे महाविद्यालयातील लेखक परिषदेत न्गुगी या केनियन विद्यार्थ्याने आपले हस्तलिखित त्यांना दाखविले. अचेबे यांनी ते हिल यांच्याकडे धाडले. १९६४ मध्ये 'वीप नॉट, चाइल्ड' ही न्गुगी यांची कादंबरी प्रसिद्ध झाली. फेल्प्स यांच्यापुढे हस्तलिखित घेऊन उभा राहिलेला नवोदित सहा वर्षांत दुसऱ्या नवोदिताचा पहिला वाचक झाला होता.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी ध्यानात येतात. एक, पहिल्या कादंबरीत सर्व काही सांगून टाकण्याचा मोह टाळणे हा संपादनाचा पहिला धडा आहे. दोन, प्रशंसा मिळाल्यावरही हस्तलिखित परत घेऊन त्यावर काम करणे, हा लेखकाच्या आत्मपरीक्षणाचा भाग आहे. तीन, प्रकाशनाची वाट जाणकार व निःस्वार्थ वाचकांमुळे मोकळी होते. महाविद्यालयीन प्राध्यापकाकडे विद्यार्थ्यांची हस्तलिखिते येतात, तेव्हा पहिला वाचक म्हणून त्याची भूमिका याच कारणाने जबाबदारीची ठरते. वरवरच्या कौतुकापेक्षा काळजीपूर्वक वाचन आणि योग्य ठिकाणी केलेली शिफारस नवोदिताच्या अधिक उपयोगी पडते.