ठगी खात्याच्या जबान्या व विधिमंडळाची देखरेख

(१) ठगांचे प्रकरण म्हटले म्हणजे अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे जबलपूर, सागर व नर्मदेचा काठ उभा राहतो. त्या प्रकरणाचा एक महत्त्वाचा दुवा आमच्या हिंगोलीस आहे, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. आमचे गोरेगाव ज्या हिंगोली जिल्ह्यात मोडते, तो इ. स. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा निघाला. प्रस्तुत काळी हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यात असून हिंगोलीस निजामाच्या फौजेची, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील, छावणी होती. या छावणीत घडलेल्या एका गोष्टीवरून आम्हांस एका मोठ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो असा : गुप्त बातमी काढणारे खाते मनुष्यास धरते, कोंडते व बोलते करते, तो जे बोलला ते खरे कशावरून, आणि ज्यांनी कायदा करून त्या खात्यास हा अधिकार दिला त्यांनी त्याचा हिशेब कधी मागितला काय?

(२) कॅप्टन मेडोज टेलर याने इ. स. १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबाची प्रसिद्ध कादंबरी छापली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीची हकीकत आहे, व ती कल्पित नसून लेखकाच्या स्वतःच्या माहितीतील आहे. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी हिंगोलीस राहत असे. छावणीतील साहेब लोकांचा, खुद्द टेलरचाही, त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. त्याने एकदा मुंबईहून कापड आणण्यासाठी जिल्ह्याचा कारभार पाहणारे कॅप्टन रेनॉल्ड्स यांजकडे परवाना मागितला. ते कापड वस्तुतः जवळच्याच एका गावच्या व्यापाऱ्याचे असून तो स्वतः मालाबरोबर येत होता. हरिसिंगाने त्यास, त्याच्या नोकरांस व बैल हाकणाऱ्यांस ठार केले, माल त्याच परवान्यावर छावणीत आणला आणि उघड विकला. पुढे अटकेत त्याने स्वतःच ही गोष्ट थट्टेने सांगितली म्हणून कळली. एरवी ती कोणास कळती ना.

याहून भयंकर गोष्ट पुढेच आहे. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, कित्येक माणसे मारली गेली व पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली. माफीच्या साक्षीदारांनी एकेक जागा शांतपणे दाखविली. ती एका कोरड्या ओहोळात होती. हा ओहोळ पुढे नदीस मिळतो. खड्डे उघडताना टेलर स्वतः हजर होता. प्रत्येक खड्ड्यात अनेक प्रेते निघू लागली, तेव्हा पाहणारांस शिसारी येऊन शोध थांबवावा लागला, असे तो लिहितो.

(३) या हकीकतीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या विलग केल्या पाहिजेत. 'अमुक ठिकाणी प्रेत पुरले आहे' असे बंदिवान म्हणतो, तेव्हा त्याचे वाक्य जमीन खणून पडताळता येते. 'अमुक मनुष्यही आमच्या टोळीत होता' असे तोच बंदिवान म्हणतो, तेव्हा खणण्याजोगी जमीनच नसते. ठगी खात्याची सारी इमारत या दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांवरही तितकीच उभी होती. साक्षीदारास जीवदान मिळे ते संपूर्ण माहिती देण्याच्या अटीवर. अर्थात अधिक नावे सांगण्यात त्याचा लाभ होता व कमी सांगण्यात त्याच्या प्राणास भय होते.

हा धोका आपल्या पूर्वसूरींस अवगत होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात वाक्यकर्मानुयोग नावाचा अध्याय आहे. त्यात संशयितास यातना देऊन बोलविण्याचे प्रकार सांगितले आहेत, हे खरे. तथापि तेथेच अणिमांडव्याचे उदाहरण देऊन, क्लेशांच्या भयाने निरपराध मनुष्यही 'मी चोर आहे' असे म्हणतो, म्हणून पुरावा पूर्ण झाल्यावाचून दंड करू नये, असा निर्बंध घातला आहे. लगतच्या सर्वाधिकरणरक्षण या अध्यायात अधिकाऱ्यांच्याच अपराधांचे दंड आहेत; बंदिवानास छळणाऱ्यास मध्यम साहसदंड व त्यास मारणाऱ्यास सहस्र पण. चौकशीचा अध्याय व चौकशी करणारांच्या चौकशीचा अध्याय ग्रंथकाराने शेजारी शेजारी ठेवले, ही रचना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

(४) आता इ. स. १८३६ च्या ३० व्या आक्टाकडे पाहू. तो सपरिषद गव्हर्नर जनरलने केला. त्या वेळी कायदे करणारी सभा हीच होती. तिजमध्ये लोकांचा प्रतिनिधी एकही नव्हता, व खाते चालविणारे सरकार आणि कायदा करणारे सरकार एकच होते. या आक्टान्वये जो कोणी, आक्ट होण्यापूर्वी अथवा नंतर, कंपनीच्या मुलखात अथवा मुलखाबाहेर, ठगांच्या टोळीत होता असे शाबीत होईल, त्यास जन्मभर सक्तमजुरीची कैद ठरली. खून शाबीत होण्याची गरज राहिली नाही. टोळीत असणे पुरे झाले. शिवाय 'ठग' म्हणजे कोण, हे आक्टात सांगितलेले नाही. पुढील वर्षीच्या १९ व्या आक्टाने, पूर्वी गुन्हा शाबीत झालेला मनुष्यही साक्ष देण्यास अपात्र नाही, असे ठरविले. अशा रीतीने हिंगोलीच्या ओहोळात जी जबानी कुदळीने पडताळली गेली, तिच्याच पुण्याईवर न पडताळलेली जबानी जन्मठेपेस पुरेशी होऊ लागली.

ठग मुळी नव्हतेच, असे आमचे म्हणणे नाही. ओहोळातील प्रेते कोणी कल्पनेने पुरली नव्हती. राधिका सिंघा यांनी १९९८ साली व किम वॅग्नर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या कायद्यांचा व कागदांचा बारकाईने विचार झाला आहे. आमचे म्हणणे एवढेच की अधिकार देणाऱ्या सभेने किती जबान्यांस स्वतंत्र पुरावा मिळाला, किती जण केवळ नाव घेतल्यामुळे कैदेत पडले, याची यादी मागण्याचे कलम आक्टात घातले नाही.

(५) विधिमंडळाने प्रश्न विचारला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण लवकरच मिळाले. जुलै १८५४ मध्ये विलायतेच्या कॉमन्स सभेत मद्रास इलाख्यातील रयतेच्या छळाचा प्रश्न निघाला. सभेतील बोभाट्यामुळे मद्रास सरकारास चौकशी मंडळ नेमावे लागले व त्याचा अहवाल १८५५ साली बाहेर आला. वसुलासाठी व कबुलीसाठी लोकांस वाकवून बांधणे, बोटे लाकडांत दाबणे इत्यादी प्रकार होतात, असे त्यात सरकारच्याच मंडळाने मान्य केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८६१ च्या फौजदारी कार्यविधीच्या कायद्यात, पोलिसापुढील कबुली पुराव्यात घेऊ नये असे कलम आले. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तेच २५ वे कलम झाले. २७ व्या कलमाने त्यास अपवाद ठेवला : कैदेतील मनुष्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर त्या शोधाशी निगडित तेवढेच सांगणे ग्राह्य. आम्ही वर जे दोन प्रकार विलग केले, तेच हे होत. ओहोळ दाखविणारे वाक्य घ्यावे, बाकीचे सोडावे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात हा नियम कायम आहे. दंडसंहितेतील ठगाचे कलम मात्र नव्या न्यायसंहितेत गळाले.

(६) ठगी खाते १९०४ साली बंद झाले, आणि त्याच्या जागी मध्यवर्ती गुन्हे-बातमी खाते आले. १९२० साली त्याचेच इंटेलिजन्स ब्यूरो झाले. म्हणजे आजच्या ब्यूरोची वंशावळ मागे नेली तर ती हिंगोलीच्या छावणीपर्यंत पोहोचते. त्या वंशात आक्ट नसण्याचा गुण आजही टिकून आहे. ब्यूरोस स्थापणारा व त्याच्या अधिकारांस मर्यादा घालणारा संसदेचा स्वतंत्र कायदा नाही. १९८५ चा जो कायदा आहे तो ब्यूरोच्या नोकरांस संघ वगैरे करण्यास बंदी घालणारा आहे. २०११ साली मनीष तिवारी यांनी संसदीय देखरेखीचे खासगी विधेयक मांडले. ते तसेच राहिले. यातनाप्रतिबंधक विधेयक मे २०१० मध्ये लोकसभेने संमत केले; राज्यसभेच्या प्रवर समितीने त्याच वर्षी अहवाल दिला, पण पुढे ते व्यपगत झाले. आमच्या राज्यात तर १९९९ च्या संघटित गुन्हेगारीच्या कायद्याच्या १८ व्या कलमाने, अधीक्षकाच्या दर्जाच्या पोलीस अंमलदारापुढील कबुली पुन्हा ग्राह्य केली आहे.

एक झरोका तेवढा उघडा आहे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यातून गुप्तवार्ता संस्था वगळल्या आहेत. परंतु भ्रष्टाचार व मानवी हक्कभंग यांच्या आरोपासंबंधीची माहिती वगळलेली नाही. हक्कभंगाच्या बाबतीत ती माहिती आयोगाच्या संमतीने मिळू शकते. परदेशात याहून पुढे मजल गेली आहे. अमेरिकेच्या सिनेटसमितीने आपल्या गुप्तवार्ता संस्थेच्या बंदिशाळांतील छळाविषयी सहा हजारांहून अधिक पानांचा अहवाल तयार करून डिसेंबर २०१४ मध्ये त्याचा सारांश प्रसिद्ध केला. छळाने मौल्यवान बातमी मिळाली, हा संस्थेचा दावा समितीने मुख्यतः संस्थेच्याच कागदपत्रांवरून तपासला व तो टिकत नाही, असा निष्कर्ष काढला. म्हणजे जबानी व कागद समोरासमोर ठेवले. आपण जुन्या बखरींशी अस्सल पत्रे ताडून पाहतो, त्याहून हे काम भिन्न नाही.

(७) यावरून आमच्या मते निष्पन्न होते ते हे. देखरेख म्हणजे सत्प्रवृत्त अधिकाऱ्यावर विश्वास ठेवणे नव्हे. खात्याने कागद ठेवावा व तो खात्याबाहेरच्या कोणी मागून वाचावा, याचे नाव देखरेख. १८३६ साली कागद मुबलक होता, मागणारा नव्हता. आज सभा आहे, प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. कागद मागण्याचे कलम तेवढे राहिले आहे.

जुन्या कागदांपुरते हे काम आपणांसही करता येण्याजोगे आहे. ठगांच्या जबान्या बहुतेक सरकारी दप्तरातून आलेल्या आहेत. त्यांना दुसरी बाजू हवी. हिंगोली, वाशीम, बसमत, नांदेड या बाजूच्या सावकारी पेढ्यांची बाडे ज्यांच्या संग्रही असतील त्यांनी सुमारे इ. स. १८१० ते १८३५ पर्यंतची पत्रे या दृष्टीने चाळावीत. न पोहोचलेला माल, परत न आलेला गुमास्ता, थकलेली हुंडी, असा एखादा उल्लेख तारखेसह मिळाला तर कोण्या बंदिवानाचे एक वाक्य खरे ठरेल, अथवा खोटे ठरेल. दोन्ही सारखेच मोलाचे आहे. असे कागद आढळल्यास त्यांची नक्कल, कागदाची लांबीरुंदी व मूळ ठिकाण यांसह, याच पानांत अवश्य प्रसिद्ध व्हावी.