न भेटलेल्या ग्राहकासाठी पाच कपडे

अमेरिकेत 'स्टिच फिक्स' नावाची ऑनलाइन कपडे विकणारी कंपनी आहे. कात्रिना लेक यांनी ती २०११ मध्ये सुरू केली. तिथले स्टायलिस्ट, म्हणजे ग्राहकासाठी कपडे निवडून देणारे, बहुतेक घरूनच काम करतात. एका खेपेला साधारण पाच वस्तू निवडायच्या. खोकं ग्राहकाच्या घरी जातं. तो घालून बघतो, पटेल ते ठेवतो, उरलेलं परत पाठवतो. निवडीचे २० डॉलर. काही ठेवलं तर ते बिलातून वजा होतात.

हे काम आपण हाती घेतलं, तर आधी वाचायला बसावं. उंची, माप, खर्चाची मर्यादा, नको असलेले रंग हे सगळं ग्राहकाने प्रश्नावलीत भरलेलं असतं. मापाचा आकडा मात्र जसाच्या तसा धरू नये. अमेरिकेत बायकांच्या कपड्यांची मापं ब्रँडगणिक बदलतात. एकाचा ८ नंबर नीट बसतो, दुसऱ्याचा तोच खांद्यात आवळतो. म्हणून मागच्या खोक्यातलं काय परत आलं आणि का, ते पाहावं. 'कंबरेला ढगळ' हा एक शेरा अख्ख्या प्रश्नावलीहून मोलाचा असतो. घाईत नेमकी हीच पायरी गळते.

मग पडद्यावर कपड्यांची यादी येते. ती अल्गोरिदमने, म्हणजे आधीच्या विक्रीवरून आणि शेऱ्यांवरून आडाखे बांधणाऱ्या संगणकीय पद्धतीने लावलेली असते. कोणता शर्ट ठेवला जाईल, याचा अंदाज ती बरा बांधते. पण 'बाळंतपणानंतर पुढच्या महिन्यात ऑफिस सुरू होतंय' असं कुणी लिहिलं असेल, तर त्यामागची धाकधूक ओळखायला माणूसच लागतो. माझ्या मते स्टायलिस्टची खरी गरज इथे आहे.

निवडताना स्वतःची आवड हळूच शिरते. आपल्याला मोठ्या फुलांचं कापड आवडतं, ग्राहकाने साधं मागितलेलं असतं. शिवाय पाचही वस्तू ठेवल्या तर सूट मिळते, म्हणून त्या एकमेकींवर घालता येतील अशा असाव्यात. एकच महागडं जाकीट सगळा हिशेब बिघडवतं.

सोबत चिठ्ठी जाते. त्यात ठरावीक वाक्यं चिकटवू नयेत, ती लगेच ओळखू येतात. कोणता कपडा कशावर घालायचा आणि तो का निवडला, एवढं लिहावं.

पाचही कपडे परत आले, तरी पुढच्या खेपेला एकदम सगळं बदलू नये. आधी माप सुधारावं, मग शैलीकडे वळावं. अंगाला न बसलेला कपडा एरवी आवडला असता का, हे ग्राहकालाही नीट सांगता येत नाही.