हाक ऐकणार कोण?



धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. समजा, एखाद्या रात्री गावाबाहेरच्या माळावरून कोणी आकाशात एक बाण सोडला. तो चांगला दूरवरून दिसेल. पण तो पाहून कोणी मदतीला धावेल का? मुळीच नाही. पाहणारा म्हणेल, "कोणाच्या तरी लग्नाची वरात निघालेली दिसते!" आता असाच तांबडा बाण भर समुद्रात एखाद्या जहाजावरून उडाला, तर तो पाहणारा प्रत्येक खलाशी ओळखतो, की तेथे कोणीतरी संकटात आहे. दारू तीच, उजेडही तोच. समुद्रावर त्या उजेडाचा अर्थ मात्र आधीच ठरलेला असतो आणि तिकडे लक्ष ठेवणारी माणसेही असतात.

आज आपल्याला ज्या साधनांची ओळख करून घ्यायची आहे, ती पाहताना हा बाण ध्यानात ठेवा. ही साधने आहेत उपग्रहामार्फत हाक मारणारी. अलास्का, कॅनडा अशा प्रदेशांत शिकारी लोक रस्ते नसलेल्या रानात कित्येक दिवस राहतात आणि असे एखादे साधन खिशात ठेवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पण रानावनात जाणारी माणसे आपल्याकडेही पुष्कळ आहेत: गिर्यारोहक, मेंढपाळ, वनरक्षक. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ तेरखेड्याच्या दक्षिणेस असलेल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यापर्यंत येऊन पोचला. तेव्हा त्याचा माग काढण्यासाठी वनकर्मचाऱ्यांना बालाघाटच्या दऱ्याखोऱ्यांतून हिंडावे लागले. अशा ठिकाणी एखाद्याचा पाय मोडला आणि मोबाइलला रेंज नसली, तर काय करावे?

फोनला ठाऊक असते, पण सांगता येत नाही

प्रथम एक गैरसमज दूर करू या. पुष्कळांना वाटते, की आपल्या फोनमध्ये जीपीएस आहे, म्हणजे आपण कोठे आहोत हे उपग्रहाला कळते. प्रत्यक्षात तसे नाही. जीपीएसचे उपग्रह, किंवा आपले नाविक प्रणालीचे उपग्रह, आकाशवाणी केंद्राप्रमाणे एकसारखे संकेत पाठवीत असतात. फोन ते नुसते ऐकतो आणि त्यांवरून गणित करून आपले स्थान काढतो. उपग्रहाकडे तो काहीच पाठवीत नाही. म्हणून खोल दरीत मनोऱ्याची रेंज नसली, तरी फोन तुमचे अक्षांश-रेखांश अचूक दाखवू शकतो. मात्र ते दुसऱ्याला कळवण्यासाठी त्याला मनोराच लागतो. मनोऱ्याच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, आणि मध्ये डोंगर आला की त्याच्या पलीकडे त्यांची सावली पडते.

मनोरा जर आकाशातच असेल, तर ही सावली पुष्कळ कमी होईल. उपग्रह हा असाच उंच मनोरा आहे.

जवळचा उपग्रह आणि दूरचा उपग्रह

हे मनोरे मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार भूस्थिर उपग्रहांचा. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला आकाशात एकाच जागी दिसतात. दुसरा प्रकार कमी उंचीवरून भराभर जाणाऱ्या उपग्रहांचा. 'इरिडियम' या जाळ्यातील ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांच्या बाजूने पृथ्वीला प्रदक्षिणा घालतात. एका प्रदक्षिणेला साधारण शंभर मिनिटे लागतात. (इरिडियम या मूलद्रव्याचा अणुक्रमांक ७७. मूळ योजना ७७ उपग्रहांची होती, म्हणून हे नाव. पुढे उपग्रह कमी झाले, नाव तेच राहिले!)

अंतर वाढले की संकेताची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. भूस्थिर उपग्रह इरिडियमच्या उपग्रहापेक्षा सुमारे ४६ पट दूर आहे. ४६ चा वर्ग करा, सुमारे २१०० येईल. म्हणजे इतर सर्व गोष्टी सारख्या असतील, तर भूस्थिर उपग्रहापर्यंत पोचणारा संकेत २१०० पटींनी दुबळा असेल. मग दूरचा उपग्रह वापरावाच कशाला? कारण तो हलत नाही. जवळचा उपग्रह एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत सुमारे दहा मिनिटांत जातो, आणि अरुंद दरीतून आकाशाची जेवढी चिंचोळी पट्टी दिसते, ती तर तो दोन-तीन मिनिटांतच ओलांडतो. मग पुढचा उपग्रह येईपर्यंत संदेशाला थांबावे लागते.

साधनांचे तीन प्रकार

पहिले साधन म्हणजे आपत्कालीन बीकन. यात बोलता येत नाही, लिहिताही येत नाही. संकटात कळ दाबायची, एवढेच. मग ते ४०६ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर सुमारे ५ वॅट शक्तीचा, अर्ध्या सेकंदाचा संकेत दर ५० सेकंदांनी पाठवू लागते. त्या संकेतात बीकनचा ओळखक्रमांक असतो. बीकनमध्ये जीपीएस असेल, तर स्थानही असते.

स्थान नसले तरी हाक कोठून आली हे काढता येते. तेरखेड्यावरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेला उभे राहा. भोंगा वाजवीत येणारी मोटार जवळ येताना तिचा आवाज चढा वाटतो आणि पुढे गेल्यावर एकदम उतरतो. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. जवळचा उपग्रह वेगाने जात असल्यामुळे त्यालाही बीकनचा 'आवाज' असाच चढा-उतरता ऐकू येतो. आवाज कोणत्या क्षणी आणि किती झपाट्याने उतरला, यावरून बीकनचे स्थान गणिताने काढतात.

दुसरे साधन म्हणजे संदेशयंत्र. तळहाताएवढ्या या यंत्रातून थोडक्या शब्दांचा संदेश पाठवता येतो आणि उत्तरही मिळते. "पाय मोडला आहे, शुद्धीवर आहे, पाणी संपले" हे कळले, म्हणजे येणारी तुकडी योग्य तयारीने येते. यातील काही यंत्रे इरिडियमचे उपग्रह वापरतात.

तिसरे साधन म्हणजे उपग्रह-फोन. यावर प्रत्यक्ष बोलता येते, पण तो महाग असतो आणि त्याची बॅटरी बोलण्यात लवकर खर्च होते. बीकनची बॅटरी मात्र वर्षानुवर्षे न वापरता राखून ठेवलेली असते आणि कळ दाबल्यावर निदान २४ तास पुरावी, अशी तिची योजना असते.

ऐकणारा कोण?

आता आपल्या बाणाकडे परत येऊ. यांतले कोणते साधन चांगले, असे विचारण्याआधी त्याची हाक कोणाकडे जाते, हे विचारले पाहिजे.

बीकनची हाक कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेकडे जाते. १९७९ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स या चार देशांनी तिचा करार केला. शीतयुद्धाचे ते दिवस. तरीही १० सप्टेंबर १९८२ रोजी कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानाची हाक सोव्हिएत उपग्रहाने टिपली आणि तिघांचे प्राण वाचले. संकटातल्या माणसाचा देश कोणता, हे त्या उपग्रहाने विचारले नाही!

भारतही या व्यवस्थेत सहभागी आहे. इस्रोची ग्राहक-केंद्रे बंगळूर आणि लखनौ येथे आहेत, तर नियंत्रण-केंद्र बंगळूरला आहे. २०१३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डी आणि २०१६ मधील इन्सॅट-३डीआर या हवामान-उपग्रहांवरही अशी हाक पुढे पाठवणारी यंत्रणा बसवली होती. बीकनची नोंद मात्र आधी झालेली हवी. नोंद नसलेला बीकन म्हणजे वरातीतला बाण: उजेड दिसतो, पण कोणाचा ते कळत नाही.

मच्छीमारांसाठी इस्रोने असेच एक स्वदेशी साधन तयार केले. ते २०१० पासून वापरात आले. पहिल्या यंत्रात एक उणीव होती. हाक गेली की नाही, हे बुडत्या होडीतल्या माणसाला कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने जाहीर केलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात "तुमची हाक पोचली" असे उत्तर उपग्रहामार्फत परत येते. काळ्याकुट्ट रात्री लाटांवर हेलकावणाऱ्या माणसाला या एका ओळीने केवढा धीर येत असेल, याची कल्पना करा.

कायदा काय सांगतो?

परदेशी संकेतस्थळावर दिसले म्हणून कोणतेही यंत्र मागवू नका. थुराया किंवा इरिडियमचे उपग्रह-फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून भारतात बाळगणे हा गुन्हा आहे. दहशतवादी अशा यंत्रांचा दुरुपयोग करतात, हे २००८ च्या मुंबई हल्ल्यात दिसून आले होते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर संदेशयंत्र जवळ असल्यामुळे एका परदेशी प्रवाशावर कारवाई झाली. आपल्या देशात जे यंत्र सर्रास विकले जाते, ते येथे चालत नाही, हे अनेक पाहुण्यांना ठाऊकच नसते. भारतात बीएसएनएलने इन्मारसॅट उपग्रहांवरील फोनसेवा २०१७ मध्ये सुरू केली. ती प्रथम आपत्ती-निवारण, पोलीस अशा सरकारी यंत्रणांसाठी होती. हिमालयातील मोठ्या मोहिमेत असे साधन हवे असेल, तर मोहिमेच्या संयोजकांनी आधी लेखी परवानगी घ्यावी.

मग आपण काय न्यावे?

शाळेच्या सहलीला किंवा सह्याद्रीतील एखाद्या गडावर जाताना पहिले साधन अगदी स्वस्त आहे: कागदाची चिठ्ठी. कोठून जाणार, किती जण, कोणत्या वाटेने, केव्हा परतणार आणि किती वाजेपर्यंत न आल्यास शोध सुरू करावा, हे लिहून घरी व पायथ्याच्या गावात द्या. म्हणजे ऐकणारा आधीच तयार झाला! दुसरे साधन शिट्टी. एका मिनिटात सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा वाजवायची, हा डोंगरातील संकटाचा ठरलेला संकेत आहे. तिसरे, भरलेल्या बॅटरीचा फोन आणि त्यात आधीच उतरवून घेतलेला नकाशा. रेंज दिसत नसली तरी ११२ लावून पाहा. तुमच्या कंपनीचा नसला, तरी दुसऱ्या कंपनीचा मनोरा तो कॉल घेऊ शकतो.

जाता जाता एक प्रयोग. कोनमापकाच्या मध्याला दोऱ्याने दगड बांधून ओळंबा करा आणि त्याच्या सरळ कडेवर पेनाची रिकामी नळी चिकटवा. नळी आडवी धरली, की दोरा ९० अंशांवर येतो. नळी वर रोखल्यावर दोरा ९० पासून जितके अंश सरकेल, तितका उन्नतांश. (सूर्याकडे मात्र नळी कधीही रोखू नका.) ७४ ते ८२ अंश पूर्व रेखांशांवरील आपले भूस्थिर उपग्रह तेरखेड्याहून दक्षिणेच्या बाजूला सुमारे ६७ अंश उंचीवर असतात. शाळेच्या अंगणातून, मग रामलिंगसारख्या एखाद्या दरीतून त्या दिशेला नळी रोखा. मध्ये झाड किंवा कडा येतो का? येत असेल, तर कितीही महाग यंत्राची हाक तेथून वर जाणार नाही. चार पावले मोकळ्यावर सरकले पाहिजे, हे यंत्र सांगत नाही. ते आपल्यालाच ठाऊक असावे लागते.